न कापलेली पानं

"अहो, ह्याची पानं कापलेलीच नाहीत!" पुण्याहून आलेला जुन्या पुस्तकांचा संग्राहक जवळजवळ ओरडलाच. इंग्रजांनी बंदी घातलेल्या कादंबरीची पहिली आवृत्ती नाशिक रोडच्या एका फ्लॅटमध्ये सापडेल, असं त्याला वाटलं नव्हतं. "त्या काळी पानांच्या कडा जोडलेल्या असायच्या. सुरीनं एकेक पान मोकळं करत वाचावं लागायचं. ही प्रत कुणी वाचलेलीच नाही. म्हणून तर हिचं मोल!"

निवृत्त मास्तर पुंजाराम खुर्चीतून उठले, पंखा वाढवून आले, बसले, पुन्हा उठले. हे पुस्तक वाचून आपले आजोबा पेटून उठले आणि तुरुंगात गेले, हे भाषण ते चाळीस वर्षं शाळाशाळांतून करत होते. उद्या सकाळी सिन्नरच्या शाळेतही तेच करायचं होतं.

"आत्या," त्यांना राहवेना, "आजोबांनी हे वाचलंच नव्हतं?"

नव्वदीच्या शकुबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "माझ्या बाला कुठं वाचता येत व्हतं? अंगठेबहाद्दर व्हता तो."

"मग पोलिसांनी एवढं मारलं, तरी पुस्तक कुठं लपवलंय ते का नाही सांगितलं त्यांनी?"

शकुबाईंनी भाच्याकडे असं पाहिलं, की जणू तोच अडाणी.

"सरकार ह्या पुस्तकाला भितंय, एवढं कुणीतरी सांगितलं व्हतं त्याला. मंग देतो का तो!"