निरोपाची फणी

आज जपानचे सम्राट सिंहासनावर नव्हते. पांढरे कपडे घालून खाली चटईवर बसले होते. समोर त्यांची आठ वर्षांची मुलगी सुमिको, तीही पांढऱ्यात. दोघांच्या मध्ये एक लाकडी डबी. त्यातली फणी मुलीच्या केसांत खोवायची, ठरलेलं वाक्य म्हणायचं आणि तिला दूर इसेच्या देवळातल्या देवीकडे पाठवायचं, एवढाच विधी. बाहेर पालखी उभीच होती.

कासवाची पाठ तापवून तिच्या तड्यांवरून लावलेल्या कौलात तिचं नाव निघालं होतं. इसेची पुजारीण राजघराण्यातली कुमारिका असते आणि सम्राट बदलेपर्यंत ती परत येत नाही. गादी सोडणं सम्राटांच्या हाती नव्हतं. ते त्यांचे सासरे ठरवत. आणि सासरे म्हणजे प्रधान, खांबापाशी बसून विधी रीतीनं होतोय ना, हे पाहत होते.

निघाल्यावर मागे वळायचं नाही, अपशकुन होतो. दाई ओमीनं हे पोरीकडून घोटून घेतलं होतं. तिला अंगणात चालायला लावायची आणि मागून म्हणायची, अगं, मांजर बघ. पहिल्या दिवशी सुमिको फसली. पुन्हा कधी फसली नाही.

सम्राटांनी फणी खोवली. केस इतके मऊ की ती लगेच निसटली. देवाच्या वंशातला माणूस खरा, पण पोटच्या पोरीच्या केसांना हात लावायची वेळ आजवर आलीच नव्हती. ते पुन्हा पुढे वाकले, तशी दोघांची डोकी जवळ आली.

"बाबा," ती पुटपुटली. आज महाराज म्हणायचं, हे ती विसरली होती. "तिकडे रोज तुमच्या आयुष्यासाठी प्रार्थना करायची ना?"

"हो."

"आणि तुम्ही आहात तोवर मी यायचं नाही?"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंच जुळवलं होतं. सम्राटांचा हात तिच्या केसांतच राहिला.

"मग थोडी कमी करू का?"

प्रधान खाकरले. फणी खोवायला इतका वेळ लागत नाही. सम्राटांना त्या क्षणी आयुष्याची काडीइतकी हाव उरली नव्हती. ही पोर पुन्हा या दारातून आत यावी, एवढंच हवं होतं.

"कर," ते हळूच म्हणाले. "थोडी कमीच कर."

मग फणी नीट खोवून, ताठ बसून, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं त्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, "राजधानीकडे तोंड वळवू नकोस."

सुमिको उठली आणि चालू लागली. दालन लांबलचक होतं, आणि तिला लांब कपडे आवरत चालावं लागत होतं. निम्म्यावर गेल्यावर ती थांबली. दाराशी थांबलेल्या ओमीचा जीव खालीवर झाला. सम्राटांना मात्र वाटून गेलं, वळ. होऊ दे काय अपशकुन व्हायचा तो.

ती वळली नाही. दाराकडे तोंड ठेवूनच मोठ्यानं बोलली.

"नाही बाबा. सगळी करीन."

आणि गेली.

बाहेर पालखी उचलल्याचा आवाज आला. प्रधान खूश होऊन जवळ आले.

"राजकन्या मोठी भाविक निघाली, महाराज. आता तुम्ही शंभर वर्षं राज्य करणार."

सम्राटांनी मान हलवली. ते रिकाम्या डबीचं झाकण लावत होते. काही केल्या ते बसत नव्हतं.