तिसरा अर्थ

"आठवण आली, असं लिहा," पेरिहान म्हणाली आणि तिने मोबाइल टेबलावर सरकवला. मोबाइल तिचा नव्हता. तो शेजारी बसलेल्या तिच्या भावजयीचा, गुल्दानेचा होता.

मुअल्ला हानमने चष्मा लावला. पडद्यावर इंग्रजीत तीनच शब्द होते: आय मिस्ड यू. फेतियेच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून झाल्यावर ती आता कोर्टासमोरच्या या खोलीत शपथेवर अनुवाद करून द्यायची. निम्मं गाव तिला अजून बाईच म्हणत असे. पेरिहानही तिच्याच वर्गात होती, इंग्रजीत कायम नापास.

"तू कशाला आलीस?" बाईंनी विचारलं.

"हिच्या मागोमाग आले. ही माझ्या भावाचं वाटोळं करायला निघालीय आणि मी घरी बसून वांगी तळू?"

भाऊ, म्हणजे गुल्दानेचा नवरा एर्दिंच, समोरच्याच पोलीस ठाण्यात बसला होता. काकाकडे लंडनला वाढलेला. तुर्की फाडफाड बोलायचा, पण लिहायची वेळ आली की इंग्रजीत लिहायचा. परवा दुपारी त्याचा मासे मारायचा भाला घराच्या मागच्या दारात वीतभर घुसला. गुल्दाने म्हणत होती, त्याने भाल्याच्या बंदुकीतून माझ्यावर सोडला. तो म्हणत होता, मी तेव्हा बहिणीकडे जेवत होतो, बंदूक खुंटीवरून पडली असेल. तासाभराने हा निरोप आला. पोलिसांनी त्याचा अर्थ मोबाइललाच विचारला आणि मग गुल्दानेला सांगितलं, "वहिनी, नवरा झुरतोय तुमच्यासाठी. घरी जा."

ती घरी गेली नाही, वकिलाकडे गेली. वकील म्हणाला, शिक्क्याचा अनुवाद पाच वाजायच्या आत सरकारी वकिलाकडे द्या. नाहीतर नवरा संध्याकाळी सुटून घरी येईल. आता सव्वाचार झाले होते.

"या मिसला आपल्याकडे तीन शब्द आहेत," मुअल्ला हानम म्हणाली. "ओझ्लेदिम. तुझी आठवण आली. इस्कालादिम. तुझ्यावर नेम धरला, तो चुकला."

"आणि तिसरा?" गुल्दानेने विचारलं. ती पहिल्यांदाच बोलली.

"काचिर्दिम. निसटलं. बस निसटते, हातातली वेळ निसटते. तो इथे बसत नाही. पहिल्या दोनांतला एकच मला लिहिता येईल. दोन्ही लिहून निवडा म्हटलं तर शिक्क्याला काय अर्थ?"

"मला एवढंच कळतं की मिस म्हणजे घमघमाट," पेरिहान म्हणाली. "धुतलेल्या चादरींना म्हणतो ते. ही हॉटेलच्या चादरी धुते ना, हिला विचारा. नवऱ्याने प्रेमाने चार शब्द लिहिले तर ही त्यातून भाला काढतेय."

"आब्ला, भाला मी दारातून काढला," गुल्दाने थोरल्या नणंदेला म्हणाली. "पायाने दार दाबून धरून."

"गप्प बस. गावभर तोंड वाजवतेस. माझ्या भावाचं मीठ खाऊन."

गुल्दानेची बोटं फुगलेली होती, साबणाने सोललेली. ती एकमेकांत अडकवून तिने मांडीवर ठेवली. मुअल्ला हानमला संताप आला, आणि तो शाळेतल्यासारखा चेहऱ्यावर न दाखवता तिने चहाचा पेला पेरिहानपुढे सरकवला.

"पेरिहान, शब्द निवडायला मला माणूस कळावा लागतो. तुझा भाऊ भाला बरा चालवतो का?"

"बरा?" पेरिहान हसली. "सगळ्या किनाऱ्याला विचारा. पाण्याखाली, दम कोंडून, पळता मासा टिपतो."

"म्हणजे मग इस्कालादिम लिहिता येणार नाही."

"तेच तर सांगतेय मघापासून."

"पण सरकारी वकील म्हणेल, समुद्रात जमत असेल. जमिनीवर, चार पावलांवरून, एवढी थोरली बाई समोर उभी, आणि भाला दारात? म्हणेल, असला आंधळा मासे टिपत नसेल, बाजारातून विकत आणत असेल."

"आंधळा?" पेरिहानचे गाल लाल झाले. "एर्दिंचचा नेम आयुष्यात चुकलेला नाही. ही चिमटा उचलायला वाकली म्हणून, नाहीतर..."

खाली रस्त्यावर तिळाचे पाव विकणारा सिमितवाला ओरडत गेला.

"चिमट्याचं मी कोणाला सांगितलेलं नाही," गुल्दाने सावकाश म्हणाली. "पोलिसांना नाही, वकिलाला नाही. मी कपडे वाळत घालत होते. लाकडी चिमटा हातातून पडला. तो उचलला, तेव्हा केसांवरून वारा गेला."

"त्याने मला सांगितलं," पेरिहान म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, हेही बोलायला नको होतं. "म्हणजे, जेवताना. माझ्याकडे जेवताना."

"जेवताना," मुअल्ला हानम म्हणाली आणि कोरा कागद ओढून लिहायला लागली.

पेरिहानने पर्स उचलली, परत ठेवली. चहा तसाच होता. तिने दाराकडे पाहिलं, मग कागदाकडे. तो तिला उलटा दिसत होता, तरी इस्कालादिम हा शब्द वाचता आला. तो तुर्कीच होता.

"बाई, ते धरू नका," ती म्हणाली. आवाज नापासाचा निकाल घ्यायला यायची तेव्हाचा होता. "तोंडातून काचिर्दिम."

मुअल्ला हानमने शिक्का शाईवर दाबला.

"हा तिसरा," ती म्हणाली.