चौथे माणूस

आर्थिक साहाय्य कक्षातल्या बाईंसमोर ती मुलगी खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. घरच्या मिळकतीवर जगणारी माणसे चार धरली तर तिची फी माफ होणार होती, तीन धरली तर नाही. हे दोघींनाही ठाऊक होते.

“घरी कोण कोण?”

“आई, धाकटा भाऊ, मी. आणि आजी.”

“आजी काय म्हणतात? मागच्या वर्षी तर नुसत्या त्यांच्याच तक्रारी सांगत होतीस.”

मुलगी हसली. “अजून तशीच आहे. मला पांघरूणसुद्धा धड घेता येत नाही म्हणायची. रात्री उठून स्वतः घालायची, वर टपली मारायची.” ती थबकली. “म्हणजे, घालते. मारते.”

बाईंनी चारचा आकडा लिहिला, सही केली, शिक्का मारला आणि अर्ज खणात ठेवून खण लावून घेतला. मग टेबलाला वळसा घालून त्या मुलीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या.

“तुझं काम झालं,” त्या हळूच म्हणाल्या. “आता सांग, कधी गेल्या गं आजी?”