डोक्याचा दाखला

चतुराबाईच्या नावावरचं तीर्थपुरी रस्त्याकडंचं रान प्लॉटिंगवाल्याला द्यायचं तिच्या लेकानं, हरिओमनं, परस्पर ठरवून टाकलं. रजिस्ट्रीच्या कचेरीत मात्र म्हणाले, म्हातारीचं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला आणा. साऱ्या गावाच्या सोयरिकी जिला तोंडपाठ, तिला दाखला मिळणं म्हणजे हातचा मळ, असं समजून हरिओम तिला मोटारसायकलवर बसवून जालन्याला घेऊन गेला.

"आजी, आज वार कोणता? शंभरातून सात गेले, किती राहिले?" डॉक्टरनं विचारलं. वार चुकला, वजाबाकी चुकली. "हे कोण?" म्हणून डॉक्टरनं हरिओमकडं बोट केलं, तर तिनं मेलेल्या दिराचं नाव घेतलं.

"दाखला नाही देता येणार. वयानं मेंदू थकलाय यांचा."

बाहेर येताच हरिओमनं कपाळाला हात लावला. "माय, घरी तर सारं बराबर सांगत व्हतीस!"

"थकला तर खराच," चतुराबाई पदर खोचत म्हणाली. "बराबर उत्तर जिभंवर आल्तं, ते गिळून दर बारीला चुकीचं हुडकावं लागलं.

"अन् रानाचं नाव पुन्हा काढलंस, तर पुन्हा थकंल."