वहिवाट

कपिलधारसारखं या डोंगराच्या धारेवर ना देऊळ, ना धबधबा. म्हणून फोटोवाले इकडं फिरकत नाहीत. शेरडं विकून दोन वर्षं झाली, तरी कौशल्याबाई दर सोमवारी गुडघे चोळत ती धार चालतेच. या सोमवारी मात्र वाटेवर पवनचक्कीच्या कंपनीची तार आडवी, अन् तारेमागं खुर्ची टाकून चौकीदार बजरंग.

"मावशी, शेरडं तर इकली. मग कावून ही तंगडतोड?"

"पाय पडले न्हाईत की वाट मोडती, बाबा. तुज्या सायबानं तहसीलदाराला लिहून दिलंय, हितं वाटच न्हाई, कुनी चालतच न्हाई. गुरुवारी सुनावणी हाय."

"ते मला ठावं न्हाई. पुढं गेलात तर वहीत नाव चढंल. तारीख, टाइम, समदं."

बजरंगनं वहीचं नाव काढलं की भलेभले माघारी फिरायचे. कौशल्याबाई वाकली, तारेखालून पलीकडं गेली अन् कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लिही की. दर सोमवारी ह्याच वाटेनं जाती, असं लिही. अन् खाली तुजी सही ठोक."