वळलीच नाही

लाल होडीत मेहुणा पाठमोरा बसला होता. वल्ही सोडून, आरामात. पैलवानाचं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं.

धक्क्यावर वॉटर स्कूटर भाड्याने देणारा काहीबाही सांगत होता. ही दोरी मनगटाला, पडलात की इंजिन बंद. वळताना रेस... पुढचं पैलवानाने ऐकलंच नाही. "कळलं, कळलं," म्हणत त्याने दुखरा गुडघा हाताने उचलून सीटपलीकडे टाकला.

पैलवान म्हणजे नुसती काडी. नाव मेहुण्यानेच ठेवलेलं, शाळेत, दोघं जिवलग होते तेव्हा. पुढे पैलवानाने दोस्ताच्या बहिणीशीच लग्न जमवलं. दोस्त महिनाभर धुसफुसला. आणि त्याच उन्हाळ्यात, याच तलावात, पैलवान पायडलच्या बोटीतून हात हलवत असताना दोस्ताची वॉटर स्कूटर सरळ येऊन बोटीत घुसली. गुडघ्याचा चुरा झाला.

हॉस्पिटलात दोस्त रडत म्हणाला, "मी वळवली रे. वळलीच नाही."

"शेंडी लावायला मीच सापडलो? बहिणीचा राग काढलास तू!"

पैलवानाने तेच अख्ख्या गल्लीला सांगितलं. मेहुणा दारात येऊन म्हणायचा, "एक मिनिट ऐक, का वळली नाही ते कळलंय मला." पैलवान आतून टीव्हीचा आवाज वाढवायचा. मधल्या मध्ये बायकोचा जीव जायचा. आज तिनेच दोघांना इथे आणलं होतं. "आज बोलला नाहीत, तर मी दोघांच्याही घरात राहणार नाही."

बोलतोच, पैलवान मनात म्हणाला. अंगावर जायचं, अगदी जवळून वळायचं. चड्डी ओली झाली पाहिजे साहेबांची.

त्याने रेस दाबली. स्कूटर पाण्यावर आपटत सुटली. पलीकडचा काठ दिसतच नव्हता, दिसत होती फक्त ती लाल होडी. मेहुण्याने मागे पाहिलं. चेहरा पांढराफटक. पैलवानाला गार वाटलं. बास, एवढं पुरे. त्याने रेस सोडली आणि हँडल करकचून डावीकडे वळवलं.

स्कूटर सरळ गेली.

त्याने उजवीकडे वळवलं. सरळच. होडी मोठी मोठी होत चालली.

"रेस दे!" मेहुणा उभा राहून बोंबलला. "पैलवान, रेस दे!"

मरतानाही चिडवतोय नालायक. पण बोटं आपोआप दाबली गेली. मागून पाण्याचा झोत सुटला आणि स्कूटर गर्रकन वळली. कडेचं वल्हं काडकन मोडलं. होडी डचमळली, सावरली.

मेहुण्याने उरलेलं अर्धं वल्हं उचललं. "मारायलाच आला होतास?"

"नाही रे! शप्पथ! घाबरवायचं होतं फक्त. मी वळवली रे. वळलीच..."

पैलवानाचा हात दुखऱ्या गुडघ्यावर गेला.

"रेस सोडली की मागचा झोत बंद," मेहुणा हळूच म्हणाला. "झोत नाही तर वळण नाही. आणि घाबरला की माणूस आधी रेसच सोडतो."

पैलवानाने वल्ह्याचा तरंगणारा तुकडा उचलून होडीत टाकला.

"तुझ्या बहिणीला आत्ताच सांगतो," पैलवान म्हणाला. "मग गल्लीत प्रत्येकाच्या दारात जातो. लंगडत जाईन, पण एकही दार सोडणार नाही. सांगेन, तू वळवली होतीस."