गाळ्यातली शिट्टी

“ही भिंत पाडा,” मास्तर म्हणाले.

मेहुण्याने ड्रिल खाली ठेवलं. “दादा, पुन्हा?”

“पुन्हा. शिट्टी येतेय.”

आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बटणं फिरवून मास्तर विटले होते. कपड्याच्या बंद पडलेल्या दुकानाचा हा गाळा मिळाला, तेव्हा स्वतःचा स्टुडिओ उभारायचं त्यांनी ठरवून टाकलं. काम धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला दिलं. त्यानेही जीव ओतला. गाळ्याच्या आत जणू दुसरा गाळा उभा केला. जुन्या भिंतीला कुठेही न टेकणारी नवी भिंत, मध्ये ठासून भरलेली आवाज शोषणारी लोकर, रबरावर उचललेली जमीन, जाडजूड दार. आत टाळी वाजवली तर ती हातातच विरायची.

पण गाणाऱ्याच्या खोलीत दार लावून मास्तर उभे राहिले, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. लांबून आल्यासारखी, बारीक, एकसुरी शिट्टी.

“मला नाही ऐकू येत,” मेहुणा म्हणाला.

“तुम्हाला कशी येईल? तुमचा जन्म या ड्रिलपाशी गेला!”

मास्तरांचे कान तिखट, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तार केसभर उतरली तरी काचेपलीकडून त्यांचा हात वर जायचा. मेहुण्याने भिंत पाडली, पुन्हा उभारली. शिट्टी हटली नाही.

शेजारच्या गाळ्यात औषधांचं शीतगृह होतं. तिथलंच मशीन असणार. मास्तर तणतणत तिकडे गेले.

“बंद करा ते धूड!”

“आत लहान मुलांच्या लशी आहेत, साहेब. बंद कसं करू?”

“मला काम करायचंय इथे!”

“मग भिंत नीट बांधून घ्या.”

हे शब्द मास्तरांना झोंबले. परत येऊन त्यांनी सगळा राग मेहुण्यावर काढला. “शेजारीपाजारी हसतात मला! लोकर कमी भरलीत तुम्ही. उरलेली कुठे विकली?”

मेहुण्याने हत्यारं पिशवीत भरली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी बहीण आली, ती उंबऱ्यातूनच कडाडली. “हातातली सगळी कामं सोडून तुझ्यासाठी राबले ते. त्यांना चोर म्हणतोस?”

“मग शिट्टी कशी येते, ते विचार त्यांना!”

“मला तू मेलास, दादा.”

मास्तरांनी तिच्या तोंडावर दार आपटलं.

नवा कंत्राटदार आला. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले. “येते की, साहेब! बारीक आहे, पण येते.”

मास्तरांनी त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली. अखेर कान असलेला माणूस भेटला होता! त्याने मेहुण्याचं सगळं काम उखडून टाकलं आणि भिंती दुप्पट जाड केल्या. गाणाऱ्याची खोली कपाटाएवढी उरली. शिट्टी होतीच.

“भिंतीचा दोष नाही, साहेब. शेजारचं मशीन आहे ते.”

मग मास्तर शीतगृहवाल्याच्या हात धुऊन मागे लागले. गाळेमालकाशी भांडले, इतर दुकानदारांना फितवलं, मशीनमुळे इमारतीला तडे जातात अशी आवई उठवली. शेवटी शीतगृहवाल्याने कंटाळून गाळा सोडला. जाताना तो एवढंच म्हणाला, “जवळपास दुसरं शीतगृह नाही, साहेब. लोकांनी आता कुठे जायचं?”

मशीन टेम्पोत चढताना मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. टेम्पो कोपऱ्यावर वळला तसे ते आत गेले. एक दार लावलं, दुसरं लावलं, पंखा बंद केला आणि श्वास रोखून उभे राहिले.

शिट्टी.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांनी फसवलं! मेहुण्याने, कंत्राटदाराने, त्या शीतगृहवाल्याने. आता कोणाच्या नरडीला हात घालायचा? क्षणभर तरी ती ऐकू येऊ नये, म्हणून त्यांनी दोन्ही कानांत बोटं घट्ट खुपसली.

शिट्टी मोठी झाली.